काळ्या रानात चालला तर युटात चालेल

अमेरिकेतल्या युटा राज्यात हँक्सव्हिल नावाचं गाव आहे, वस्ती जेमतेम दीड-दोनशे. गावाबाहेरच्या लालसर-करड्या टेकड्यांत मार्स सोसायटीचं संशोधन केंद्र आहे. २००७ पासून, कोविडचा खंड सोडला तर, मे-जूनच्या सांध्यावर तिथं विद्यापीठांच्या रोव्हरची, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाड्यांच्या धर्तीवर मुलांनी बनवलेल्या गाड्यांची, स्पर्धा भरते. युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंज, म्हणजे यूआरसी. शंभराच्या आसपास संघ नाव नोंदवतात आणि त्यातले तीन-साडेतीन डझन फायनलला बोलावले जातात.

मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींपुढं या स्पर्धेचं नाव काढलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो आणि दुसरा ‘आपल्या गावातून हे जमेल का’ असा. पैशाचा हिशेब इथं मांडत नाही, दुसऱ्याचं उत्तर देतो. २०११, २०१३ आणि २०१४ ला ही स्पर्धा पोलंडमधल्या बियालिस्टोकच्या संघांनी जिंकली. २०१५ आणि २०१६ ला झेशूफच्या मुलांनी, २०१८ ला चेन्स्तोहोवाच्या. ही सगळी लातूर-नांदेडच्या मापाची किंवा त्याहून लहान शहरं. वॉर्सा या यादीत नाही. तेव्हा गावाचा आकार बाजूला ठेवू.

गुण जातात कुठं, ते बघू. फायनलला आलेल्या बऱ्याच संघांचा रोव्हर वर्कशॉपच्या फरशीवर शंभर तास चाललेला असतो आणि रानात चार तास. फरशीवर सगळेच चालतात. आणि रानाच्या बाबतीत मराठवाड्याइतकी सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

स्पर्धेचं स्वरूप थोडक्यात सांगतो. चार मोहिमा, प्रत्येकी १०० गुण, शिवाय आधी पाठवायचा अहवाल आणि व्हिडिओ (त्याला सिस्टिम ॲक्सेप्टन्स रिव्ह्यू म्हणतात) यांचे १००. डिलिव्हरीत खडबडीत जमिनीवर किलोमीटरभर लांब जाऊन वस्तू उचलायच्या आणि पोचवायच्या, त्यातली एखादी ५ किलोचीही असते. इक्विपमेंट सर्व्हिसिंगमध्ये रोव्हरच्या हातानं बटणं दाबायची, नॉब फिरवायचे, कीबोर्डवर टाइप करायचं. ऑटोनॉमसमध्ये दिलेल्या जीपीएस बिंदूंवर रोव्हरनं स्वतः पोचायचं. सायन्समध्ये माती-खडक तपासून जीवसृष्टीच्या खुणांवर परीक्षकांपुढं बोलायचं. चालक तंबूत बसतात, रोव्हर त्यांना कॅमेऱ्याशिवाय दिसत नाही. मोहिमेवर जाताना वजन ५० किलोच्या आत आणि सगळे बदलायचे भाग धरून ७० किलोच्या आत. नियम दरवर्षी थोडेफार सरकतात, तेव्हा सीनियरनं दिलेल्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

आता माती. हँक्सव्हिलच्या आसपास मॉरिसन फॉर्मेशनचे थर उघडे पडलेले आहेत आणि त्यांत बेंटोनाइट भरपूर आहे. बेंटोनाइट म्हणजे पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती. तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट, आणि आपली काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते ती त्याच कुळातल्या खनिजांमुळं. तिकडं ती कोरडी असताना वर लाह्या पसरल्यासारखा भुसभुशीत थर असतो आणि खाली टणक. चाक वरच्या थरात नुसतं फिरतं, पुढं सरकत नाही. पावसाची सर आली की तीच जमीन चाकाला धरते. ज्यानं मृगाच्या पहिल्या पावसानंतर पाणंदीतून मोटारसायकल काढली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून सरावाला तीन जमिनी लागतात आणि तिन्ही तासाभराच्या अंतरात मिळतात. पहिली मुरमाड चढाची: संभाजीनगरला सातारा परिसरातले डोंगर, बीडकडच्यांना बालाघाटाच्या उतरणी. दुसरी काळं रान, एकदा नांगरलेलं ढेकळांचं आणि एकदा पावसानंतर वापसा येण्याआधीचं. तिसरी गाळाची: जायकवाडीचं पाणी उन्हाळ्यात मागं सरलं की पैठणच्या बाजूला उघडी पडणारी गाळपेर. शेतमालकाला विचारा, पेरलेल्या रानात जाऊ नका, आणि चाकानं पडलेले खड्डे बुजवून या. पुढच्या वर्षीच्या संघालाही तेच रान लागणार आहे.

चाकाचा व्यास साधारण २५ सेंटिमीटर धरू. परीघ ७८ सेंटिमीटरच्या आसपास येतो. त्यावर आडव्या पट्ट्या, म्हणजे ग्राउझर, किती लावायचे? २४ लावले तर दोन पट्ट्यांत सव्वातीन सेंटिमीटरची फट राहते. काळी माती त्यात गच्च बसते आणि दहा मिनिटांत चाक गुळगुळीत लाटणं होतं. १२ लावले तर फट साडेसहा सेंटिमीटरची, माती बरीचशी आपोआप गळते, पण खडकावर रोव्हर हादरे खातो आणि कॅमेऱ्याचं चित्र थरथरतं. माझा कौल १५-१६ पट्ट्या, उंची १५ मिलिमीटर, आणि चाकाची बाजू बंद न ठेवता उघडी. ट्रॅक्टरचं केजव्हील चिखलात का चालतं, तर माती आतून बाहेर पडायला वाट असते म्हणून. चाक टीपीयूमध्ये, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकमध्ये, थ्रीडी प्रिंट केलं तर हादरे कमी बसतात. पण एका चाकाला दीड-दोन दिवस प्रिंटर अडकतो, आणि सहा चाकं अधिक दोन स्पेअर म्हणजे दोन आठवडे. ॲल्युमिनियमचं रिम वाळूजला किंवा चिकलठाण्याला एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्यायचं आणि वर फक्त टीपीयूचा टायर प्रिंट करायचा, हा मधला मार्ग बरा.

मोटरची निवड कॅटलॉग बघून होत नाही, हिशेबानं होते. ५० किलोचा रोव्हर ३० अंशांच्या चढावर: वजनाचा उताराकडं ओढणारा भाग ५० × ९.८१ × ०.५ म्हणजे २४५ न्यूटन. भुसभुशीत जमिनीचा रोध ०.२ च्या गुणकानं धरला तर आणखी ८५. एकूण ३३०. सहा चाकांत वाटले तर चाकामागं ५५ न्यूटन, आणि साडेबारा सेंटिमीटरच्या त्रिज्येवर टॉर्क होतो ७ न्यूटन-मीटरच्या आत. इथंच लोक थांबतात आणि फसतात. रॉकर-बोगीत, म्हणजे सहा चाकं सांध्यांच्या पायांवर वर-खाली होणाऱ्या सस्पेन्शनमध्ये, दगडावर चढताना एखाद-दोन चाकं हवेत किंवा नुसती टेकलेली असतात, सगळा भार उरलेल्यांवर जातो. तेव्हा दुप्पट, म्हणजे १४ न्यूटन-मीटर सलग देणारी गिअरमोटर घ्या. सेकंदाला एक मीटर वेगाला चाकाचे मिनिटाला ७६ फेरे होतात. म्हणून आउटपुट शाफ्टला ७५ ते ९० आरपीएमची मोटर. त्याहून वेगवान घेऊन उपयोग नाही, कॅमेऱ्यावर बघून चालवणाऱ्याला तेवढा वेग झेपतही नाही.

सहा चाकांचा रोव्हर जागच्या जागी वळवला की चाकं आडवी घासतात, काळ्या रानात करंट दुप्पट-तिप्पट होतो आणि बोगीचा पाय पिळवटतो. चार कोपऱ्यांना स्टिअरिंग मोटर लावल्या तर प्रश्न सुटतो, पण तीन-चार किलो आणि चार नव्या बिघाडांच्या जागा वाढतात. पहिल्यांदा जाणाऱ्या संघानं स्टिअरिंग टाळावं आणि जागच्या जागी वळणं सोडून मोठ्या वळणाची सवय करावी.

वजनाचा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा. ढोबळ वाटणी अशी बसते: सांगाडा आणि सस्पेन्शन १४ किलो, चाकं-मोटरा १५, बॅटऱ्या ४, इलेक्ट्रॉनिक्स ५, हात ९. झाले ४७. उरलेले तीन किलो वायरी, कनेक्टर, बोल्ट आणि केबल टाय खाऊन टाकतात, आणि हे तीन किलो बहुतेकांच्या तक्त्यात नसतातच. मग स्पर्धेच्या आदल्या रात्री सांगाड्याला ड्रिलनं भोकं पाडणं सुरू होतं.

वायरिंगवर जरा जास्त लिहितो, कारण रानात रोव्हर मेला की दहातल्या सात-आठ वेळा कारण इथं सापडतं.

मोटरच्या डब्यापर्यंत दीड मीटर वायर गेली, तर जाऊन-येऊन तीन मीटर. एक स्क्वेअर एमएमच्या वायरीत २० अँपिअरला जवळजवळ १.१ व्होल्ट पडतो. अडीच एमएमच्या वायरीत तोच अर्ध्या व्होल्टाच्या खाली येतो. चढावर सगळ्या मोटरा एकदम जोर लावतात, बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, त्याच लाइनवर रोव्हरचा छोटा कॉम्प्युटर, म्हणजे जेटसन किंवा रास्पबेरी पाय, असेल तर तो रीस्टार्ट होतो आणि तंबूतली स्क्रीन काळी पडते. मुलं कोड तपासत बसतात. कॉम्प्युटरला स्वतंत्र डीसी-डीसी कन्व्हर्टर द्या, त्याच्या इनपुटला डायोड आणि मोठा कपॅसिटर लावा, म्हणजे क्षणभराचा खड्डा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

टोकांना सोल्डर करून वायर स्क्रू टर्मिनलमध्ये घट्ट करू नका. सोल्डर वायरीत आत झिरपतं, जिथं ते संपतं तिथं वायर ताठ-मऊ होते आणि हादऱ्यांनी बरोबर तिथंच तुटते, इन्सुलेशनच्या आत, दिसत नाही अशी. फेरूल किंवा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, लावून ती दाबून बसवा (क्रिंप), चांगल्या क्रिंपरवर, पकडीनं नाही. बारीक सिग्नलच्या वायरींना पांढरे जेएसटी कनेक्टर टेबलावर ठीक, रोव्हरवर लॉक होणारे लावा. पॅनेलमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडाला जीएक्स-१६ हा आट्यांनी घट्ट होणारा कनेक्टर चालतो. लॅपटॉपचे यूएसबी प्लग रानात निसटतातच, त्यांना थ्रीडी प्रिंट केलेली क्लिप करा.

मोटर कंट्रोलर कॅन बसवर, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या दोन वायरींच्या सामाईक लाइनवर, असतील तर एक सवय लावून घ्या. पॉवर बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यात मल्टिमीटर लावायचा. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, ते समांतर म्हणून ६० दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक तुटलंय किंवा एक रेझिस्टर लावलेलाच नाही. ४० दिसले तर कुणीतरी तिसरा लावलाय; बाजारातल्या तयार बोर्डांवर तो आधीच बसवलेला असतो, हे विसरलं जातं. दहा सेकंदांची तपासणी, आणि ‘कधी चालतो कधी नाही’ या जातीचे निम्मे आजार यात पकडले जातात.

लाल इमर्जन्सी बटण नियमात सक्तीचं आहे आणि त्यानं बॅटरीतून जाणारा करंटच तोडला पाहिजे. एमआयडीसीतल्या पॅनेलवाल्याकडं मशरूम बटण सहज मिळतं, पण ते थेट शंभर अँपिअर तोडायला बनलेलं नसतं. बटणानं फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठा करंट तोडणाऱ्या विजेच्या स्विचची, कॉइल तोडायची. कॉन्टॅक्टर डीसीचा हवा. एसीचा लावला तर डीसीची ठिणगी स्वतःहून विझत नाही, संपर्क वितळून चिकटतात, आणि परीक्षकांसमोर बटण दाबल्यावर रोव्हर चालतच राहतो. ऑटोपार्ट्सच्या दुकानातला ४० अँपिअरचा रिले तर लावूच नका. चालू करताना कंट्रोलरमधले कपॅसिटर भरण्यासाठी प्रीचार्ज रेझिस्टर ठेवा, नाहीतर चांगला कॉन्टॅक्टरही त्या पहिल्या झटक्यानं चिकटतो.

रेडिओ. किलोमीटरभर अंतरावर रोव्हर टेकडीआड गेला की २.४ गिगाहर्ट्झचं चित्र आधी तुटतं. टेकडीआड न जाताही तुटतं, त्याचं कारण फ्रेनेल झोन, म्हणजे दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती रेडिओलहरींना लागणारी मोकळी जागा. एक किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर साधारण साडेपाच मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, आणि रोव्हरचा अँटेना जमिनीपासून मीटरभर वर असतो. समोर दिसतोय तरी सिग्नल जातो, तो यामुळं. उपाय हा की हुकमांची वाट आणि चित्राची वाट वेगळी ठेवायची. हुकूम कमी वेगाच्या, लांब जाणाऱ्या रेडिओवर आणि चित्र २.४ वर. चार कॅमेरे ६४० × ४८० ला, सेकंदाला १५ फ्रेम, प्रत्येकी ६०० केबीपीएस, एकूण अडीच एमबीपीएसच्या आत बसवा. एचडीचा मोह सोडा.

इथं आपल्याकडच्या संघांची एक खास अडचण आहे. तिकडं कमी फ्रिक्वेन्सीचा मोकळा पट्टा ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ आहे. भारतात तो मोकळा नाही, त्यातला काही भाग मोबाइल कंपन्यांच्या ९०० च्या पट्ट्यात येतो. आपल्याकडं विनापरवाना ८६५ ते ८६८ आहे. तेव्हा सराव ८६५ वर करायचा, मॉड्यूल असं घ्यायचं की सॉफ्टवेअरमधून ९१५ ला नेता येईल, आणि अँटेना दोन जातींचे ठेवायचे. ८६८ चा अँटेना ९१५ वर चालल्यासारखा वाटतो, पण ताकद हरवतो. स्पर्धेत कोणतं चॅनल मिळेल ते आयोजक ठरवतात, त्यामुळं चॅनल बदलणं हे दोन मिनिटांचं काम असलं पाहिजे.

दुवा तुटल्यावर अर्ध्या सेकंदात मोटरा थांबल्या पाहिजेत, हे रोव्हरवरच्या कंट्रोलरनं स्वतः करायचं. त्यानंतर दहा सेकंद वाट बघून आल्या वाटेनं दहा मीटर मागं येण्याचा कोड लिहून ठेवा. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे, एक अख्खी मोहीम वाचवतं.

स्वयंचलित मोहिमेत एक खड्डा असा आहे की तो इथं दिसतच नाही. होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक, म्हणजे डेक्लिनेशन, मराठवाड्यात जवळपास शून्य आहे. हँक्सव्हिलला तो सुमारे १० अंश पूर्वेला आहे. कोडमध्ये ही दुरुस्ती टाकायची राहिली तर संभाजीनगरला रोव्हर बिंदूवर बरोबर जातो आणि युटात शंभर मीटर चालल्यावर १७ मीटर बाजूला निघतो. मॅग्नेटोमीटर मोटरांपासून लांब, उंच दांडीवर बसवा आणि मोटरा चालू असताना कॅलिब्रेट करा. बंद असताना केलेलं कॅलिब्रेशन चालताना खोटं ठरतं. आरटीके, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस, झेड-एफ९पी जातीचे दोन रिसीव्हर दोन अँटेनांसह बसवता आले तर दिशाही त्यावरूनच मिळते आणि होकायंत्राची कटकट कमी होते.

काही बिंदूंवर खांबाला आरुको टॅग, म्हणजे कॅमेऱ्यानं ओळखायच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा, लावलेले असतात, २० सेंटिमीटरचे, ४×४ जातीचे. सरावासाठी ते फ्लेक्सवाल्याकडून छापून आणले की दुपारच्या उन्हात फ्लेक्स चमकतो आणि कॅमेऱ्याला काळा चौकोन पांढरा दिसतो. मॅट कागदावर छापून सनबोर्डवर चिकटवा, भोवती पांढरी किनार सोडा, ती नसेल तर टॅग ओळखलाच जात नाही. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर ऑटोवर न ठेवता हातानं बांधा. रोव्हर कोणत्या अवस्थेत आहे ते दाखवणारा दिवाही भर उन्हात दिसला पाहिजे: स्वयंचलित असताना लाल, हातानं चालवताना निळा, पोचल्यावर लुकलुकता हिरवा. बाजारातली साधी एलईडी पट्टी बारा वाजता दिसत नाही, तीन-तीन वॅटचे एलईडी लावा आणि वर छोटं झापड करा.

रोव्हरच्या हाताचा हिशेब. ८० सेंटिमीटरवर ५ किलो म्हणजे ३९ न्यूटन-मीटर, हाताच्या नऊ किलोंतला खांद्यापुढं हलणारा चार किलोचा भाग मध्यावर धरला तर आणखी १६. खांद्याला ५५, सवलत धरून ८० न्यूटन-मीटर हवेत. ताकद मिळवणं सोपं आहे, ढिलाई घालवणं अवघड. गिअरबॉक्समध्ये एक अंश बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, असेल तर ८० सेंटिमीटरच्या टोकाला १४ मिलिमीटर खेळ होतो. कीबोर्डवर दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९ मिलिमीटर असतं. म्हणजे ‘अ’ दाबायला गेलात तर ‘अ’ लागेल की शेजारचं, हे नशिबावर. खांदा आणि कोपर यांना लिनिअर ॲक्च्युएटर, म्हणजे दांडा सरळ मागं-पुढं सरकवणाऱ्या मोटरा, लावले तर खेळ कमी आणि पॉवर गेली तरी हात जागेवर राहतो. वेग कमी असतो, पण इथं घाई कुणाला आहे? मनगटाला मात्र चांगला गिअरबॉक्स घ्या आणि टाइप करायला चिमट्याऐवजी रबराची टोपी घातलेली वेगळी काडी बसवा.

एप्रिलमध्ये पारा ४२ ला गेला की सराव संध्याकाळी ढकलावा असं वाटतं. दुपारीच करा. पीएलए या नेहमीच्या प्रिंटिंग प्लास्टिकमध्ये केलेले भाग ५५-६० अंशांना मऊ पडतात, आणि उन्हात ठेवलेला काळा डबा किंवा बंद गाडीची डिकी तिथं सहज पोचते. कॅमेऱ्याचा माउंट झुकतो, बेअरिंगची बैठक ढिली होते. पीईटीजी किंवा एएसए ही जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिकं वापरा. बंद डब्यातला कॉम्प्युटर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, चित्र अडखळतं आणि दोष रेडिओला दिला जातो. डबा पांढरा रंगवा, कॉम्प्युटरचा हीटसिंक डब्याच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीला टेकवा, पंख्यावर धुळीची जाळी लावा. रानातून परत आलेल्या बॅटऱ्या लगेच चार्जिंगला लावायच्या नाहीत, सेलचं तापमान ४५ अंशांखाली येईपर्यंत थांबायचं.

सायन्सच्या मोहिमेबद्दल एवढंच की ती इंजिनिअरिंगच्या मुलांनी उरकायची गोष्ट नाही. आपण सगळे बेसॉल्टवर वाढलेलो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तिकडं वालुकाश्म, शेल, जिप्सम असे थरांचे खडक आहेत. भूगर्भशास्त्राचा एक आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा एक असे दोघं शेजारच्या कॉलेजातून संघात घ्या, नुसते सल्लागार म्हणून नको. प्रत्येक चाचणीबरोबर कंट्रोल नमुना चालवा. परीक्षक ‘जीव नाही हे कशावरून’ हे आधी विचारतात.

वेळापत्रक सणांवर बांधलं की लक्षात राहतं. गणपतीपर्यंत डिझाइन गोठवायचं. दिवाळीपर्यंत सहा चाकांवर रोव्हर रानात फिरला पाहिजे, हात नसला तरी चालेल. संक्रांतीपर्यंत हात. महाशिवरात्रीच्या सुमाराला रिव्ह्यूचा व्हिडिओ आणि अहवाल जातो आणि फायनलची निवड त्यावरच होते, तेव्हा जानेवारीतलं सेमिस्टर आणि परीक्षा यांचा ताळमेळ प्राचार्यांशी बोलून जूनमध्येच घाला. व्हिडिओत संगीत आणि ड्रोनचे शॉट कमी, न कापलेली कामं जास्त: एक चढ, एक उचलणं, एक स्वयंचलित फेरी.

निवड कळल्यावर हातात दोन-अडीच महिने उरतात आणि व्हिसाची मुलाखत मुंबईला. सगळ्यांना मिळेलच असं नाही. हात चालवणारी एकटीच असेल आणि तिचाच पासपोर्ट अडकला तर मोहीम गेली. प्रत्येक कामाला दोन माणसं तयार हवीत, आणि दुसऱ्यानं निदान दहा तास प्रत्यक्ष चालवलेलं हवं.

बॅटरीचा विचार डिझाइनच्या दिवशीच करायचा असतो, कारण विमानाचा नियम रोव्हरहून कडक आहे. प्रवासी विमानात १०० वॅट-अवरपर्यंतचा लिथियम पॅक हातातल्या सामानात चालतो, १०० ते १६० चे विमान कंपनीच्या परवानगीनं जास्तीत जास्त दोन, त्यावर अजिबात नाही. २४ व्होल्ट २० अँपिअर-अवरचा एकच मोठा पॅक ४८० चा झाला, तो इथंच राहणार. म्हणून २२.२ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरचे, ८८.८ वॅट-अवरचे पाच पॅक करा, प्रत्येकावर आकडा छापलेला हवा, टोकांना टेप, आणि ते पाच जणांच्या बॅगांत वाटलेले. मिळून ४४४ वॅट-अवर. सरासरी २०० वॅटला दोन तास, सतत चढावर तासभराहून कमी. समांतर जोडण्याआधी पॅकच्या व्होल्टेजमधला फरक ०.१ च्या आत आणा आणि प्रत्येकाला स्वतःचा फ्यूज द्या. पॅकबद्दल विमान कंपनीचं उत्तर छापून जवळ ठेवा. काउंटरवर मोबाइल दाखवून वाद घालत बसायला वेळ नसतो.

बाकी रोव्हर २३ किलोच्या बॅगांत बसतो, पण लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत हवी. म्हणजे सांगाडा सुटा होणारा, आणि ॲल्युमिनियममध्ये थेट आटे न पाडता हेलिकॉइल, म्हणजे आट्यांचं पोलादी तारेचं वेटोळं, बसवलेला, कारण दहा वेळा खोलल्यावर नुसते आटे जातात. बोल्टला निळं लॉकटाइट आणि बोल्ट-नटवर आडवी पेंटची रेघ. रेघ तुटली की बोल्ट फिरलाय. एम-४, एम-५ चे स्पेअर, नायलॉक नट, ॲलन-की इथूनच न्या. तिकडं इंचातले बोल्ट मिळतात, आणि हँक्सव्हिलमध्ये तेही शोधावे लागतात.

तिथली वीज १२० व्होल्टची. चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तर ठीक. आपली २३० ची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न तिथं सात वॅटची होते, सोल्डर वितळणार नाही. रोव्हरच्याच बॅटरीवर चालणारी डीसी आयर्न न्या.

कस्टमसाठी एटीए कार्नेट, म्हणजे माल ड्युटीशिवाय तात्पुरता नेऊन परत आणायचा कागद, काढा, भारतात ते फिक्की देते. त्याच्या यादीत प्रत्येक वस्तू, नग, वजन, किंमत, सिरियल नंबर लिहावा लागतो आणि एकदा काढल्यावर नवी वस्तू घालता येत नाही. त्यामुळं शेवटच्या आठवड्यात बदललेली मोटर यादीत नसते आणि अडकते. वापरून संपणाऱ्या वस्तू, रसायनं वगैरे त्यात घालू नका, ती तिकडंच घ्या. निघताना मुंबईत शिक्का, पोचल्यावर तिकडचा, परतताना पुन्हा तिकडचा आणि इथं उतरल्यावर शेवटचा, असे चार. परतीचा तिकडचा शिक्का सगळ्यात जास्त चुकतो, कारण स्पर्धा संपलेली असते, सगळे दमलेले असतात आणि बॅगा थेट चेक-इनला जातात. तो नसेल तर माल अमेरिकेतच विकला असं धरून काही महिन्यांनी ड्युटीची मागणी येऊ शकते. विमानतळावर चार तास आधी पोचा आणि बॅगा देण्याआधी कस्टमचा काउंटर शोधा.